लादीपासून धुळीपर्यंत

आमच्या घरात दोरीवरचे कपडे काढायची एक शिस्त होती. एक कपडा या टोकाचा, मग एक त्या टोकाचा, असं करत करत मध्यावर यायचं. एका बाजूने सरसकट ओढत गेलं की मामा असेल तिथून ओरडायचा. फळीवरची पुस्तकं तशीच, भिंतीशी ओळीने ठेवलेली अंथरुणंसुद्धा तशीच. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. एकदा मैत्रिणीकडे मी तिच्या आईला कपडे काढू लागले. तिची आई जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने हळूच विचारलं, तुमच्याकडे कुणाला काही होतंय का. त्या दिवसापासून मी मामावर चिडायला लागले, आणि पुढची कितीतरी वर्षं नेमाने चिडत राहिले.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. माझे वडील गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते, आणि आई मला घेऊन त्याच्याकडे राहायला आली ती कायमची. मामाने लग्न केलं नाही. कारण विचारलं की म्हणायचा, एवढी धूळ धुवायला कोण तयार होईल. धूळ होतीही तशी. तो संगमरवराच्या वखारीत कामाला होता आणि संध्याकाळी दारात उभं राहून अंग झटकायचा तेव्हा पायरी पांढरी व्हायची. भुवया, मिशा, कानांच्या मागचे केस, सगळं पांढरं. चाळिशीचा माणूस दारात म्हातारा असायचा आणि आंघोळ करून आला की पुन्हा तरुण दिसायचा.

वखारीत त्याचं काम लाद्या हलवण्याचं. मोठे ठोकळे यंत्रावर कापले की दोन माणसांएवढ्या उंच लाद्या निघतात, बोटभर जाडीच्या, आणि एकेकीचं वजन पाच पोत्यांचं. त्या आडव्या ठेवल्या तर मोडतात. म्हणून त्या लोखंडी घोडीवर उभ्या टेकवून ठेवतात. घोडी म्हणजे उघडून उभं केलेलं पुस्तक जसं दोन्हीकडे उतरतं तशी चौकट, निम्म्या लाद्या या अंगाला, निम्म्या त्या अंगाला. दोन्ही अंगांचं वजन एकमेकांना तोलून धरतं. एवढं सांगितल्यावर कपड्यांची शिस्त कुठून आली हे कुणालाही कळेल, पण मला हे कुणी बत्तीस वर्षं सांगितलं नाही. आमच्या घरात काही गोष्टींबद्दल सगळेच गुळणी धरून बसायचे.

आता पाहुण्याबद्दल. वखारीत दूरदूरच्या मुलखांतून माणसं यायची, त्यांतला हा एक कारागीर. लादीवर बोटाच्या पेराने टकटक करून तो आत तडा आहे की नाही ते सांगायचा. चांगली लादी खणखणते, तडकलेली बद्द बोलते. पहिल्या दिवशी कुणीतरी त्याला पाहुणा म्हटलं आणि तो अकरा वर्षं पाहुणाच राहिला. वर्षाकाठी एकदा तो गावी जाऊन यायचा, बाकी सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला यायचा. मला आठवतं ते एवढंच, की आल्या आल्या तो माझ्या डोक्यावर टकटक करायचा, कान लावून ऐकायचा आणि गंभीरपणे सांगायचा, “दगड चांगला आहे. तडा नाही.” आई भातात मीठ कमी घालते यावरून तो तिच्याशी भांडायचा, आणि चांगला तोंड वर करून भांडायचा. आमच्या भाषेत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

त्याची स्वतःची भाषा बोलणारे जगात थोडेच होते. त्याच्या डोंगरात संगमरवर निघत नव्हता, त्यामुळे त्या भाषेत त्याला शब्दच नव्हता. एवढं आयुष्य ज्या दगडात काढलं त्याला आपल्या भाषेत नाव नाही, याची त्याला जरा लाज वाटायची. म्हणून तो दुसऱ्यांचे शब्द गोळा करायचा. जिथे जिथे खाणीत काम केलं तिथले तिथले उचलून आणले होते. इटालियन मार्मो, रशियन म्रामोर, हंगेरियन मारवान्य, अरबी रुखाम. वखारीतही शब्दांची कमी नव्हती. क्रेनवाला तुर्की, तो म्हणायचा मेर्मेर. पॉलिशवाला म्हातारा मल्याळी, त्याचा वेण्णक्कल्लु, म्हणजे लोण्याचा दगड. ट्रकवाला तेलुगु, त्याचा चलुवरायी, गार दगड. मामाने आपला संगमरवर दिला तेव्हा पाहुणा म्हणे खूश झाला, कारण त्याला त्यात मार्मो आणि मेर्मेरचा नातेवाईक सापडला.

या शब्दांची एक वही होती, अर्धी पाहुण्याच्या अक्षरात, अर्धी मामाच्या. दोघांचं त्यात एक लाडकं म्हणणं होतं. अख्खा दगड घ्या, मार्मो, म्रामोर, मेर्मेर, सगळे एकमेकांचे चुलत भाऊ. पण दगड फुटला की नातं संपलं, प्रत्येक जण आपापल्या घरचा शब्द काढतो. बारीक खडीला तुर्क म्हणतात संगमरवराचे तांदूळ. रशियन म्हणतात क्रोश्का, तो पावाचा चुरा. इटालियन ढलपीला म्हणतात स्काल्या, तो माशाचा खवला. आपली कणी, ती पण तांदळाचीच. पाहुणा म्हणायचा, अख्खा असतो तोवर दगड राजाचा असतो, फुटला की सगळ्यांना स्वयंपाकघर आठवतं. दगड फोडणारे लोक भुकेले होते, दुसरं काय.

त्यांचा एक खेळही होता. एकाने एक भाषा घ्यायची आणि मोठ्यापासून बारीक होत उतरायचं. लादी, तुकडा, ढलपी, कपची, खडी, कणी, चुरा, भुकटी, धूळ. प्रत्येक शब्दाला दुसरा म्हणायचा, “पुढे?” जो अडकला त्याने चहा आणायचा. काम करता करता, यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून, दोन मिशीवाले बाप्ये हा खेळ खेळायचे. मुकादमाला ते दोघे येडे वाटायचे.

मी पाच वर्षांची असताना पाहुणा वखारीत लाद्यांखाली सापडून गेला.

मला घरी सांगितलं ते इतकंच. मामा त्या संध्याकाळी आला आणि अंग न झटकता आत गेला, एवढं लख्ख आठवतं. घरभर पांढरी पावलं उमटली होती आणि आईने ती दोन दिवस पुसली नाहीत. तिसऱ्या दिवशी तो कामावर परत गेला आणि निवृत्त होईपर्यंत एकही दिवस चुकला नाही. पाहुण्याचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. कपड्यांची, पुस्तकांची, अंथरुणांची शिस्त मात्र सुरू झाली.

आणि मामाच्या त्या दुपारी सुरू झाल्या. सुट्टीच्या दिवशी तीनच्या सुमारास मामा जिथे असेल तिथे गप्प व्हायचा. मान जराशी डावीकडे कलायची, कुणीतरी भिंतीपलीकडून बोलतंय आणि नीट ऐकू येत नाहीये अशी. मग ओठ हलायचे. लादी, तुकडा, ढलपी, कपची. तिथे थांबायचा. पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच वेळा असं झालं की उठून तोंड धुवायचा. मला ते सगळं पाठ झालं होतं आणि त्याचा भयंकर राग यायचा. एकदा मी मोठ्याने म्हटलं, “खडी, कणी, चुरा, भुकटी, धूळ. झालं? आता जेवायला बस.” मामाने माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

एकोणीस वर्षांची असताना एका दुपारी मी एकटी आतल्या खोलीत अभ्यास करत होते. मामा बाहेरच्या खोलीत आडवा झाला होता. मधल्या भिंतीवर टकटक झाली. दोनदा. हातोड्याची नाही, बोटाच्या पेराची. आणि मग कुणीतरी, शब्दाच्या शेवटी जरासा हेल काढून, विचारलं, “पुढे?” मला वाटलं मामाने हाक मारली. बाहेर गेले तर तो पाठ करून झोपलेला, आणि त्याचा हात भिंतीपासून चांगला दोन हात लांब. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, आणि त्या दिवशी मला तापही नव्हता. मी आईला सांगितलं. आई भांडी घासत होती, तिने हात न थांबवता म्हटलं, “तुलाही आलं का ऐकू?” एवढंच. आता अशा घरात माणूस चिडणार नाही तर काय करणार.

मग गेल्या वर्षी ते पत्र आलं.

पत्र पाहुण्याच्या मुलीचं होतं, आणि आमच्याच भाषेत, हाताने लिहिलेलं. एकही चूक नव्हती. तिने लिहिलं होतं की वडील गेले तेव्हा ती सात वर्षांची होती आणि आईबरोबर गावी होती. वखारीकडून त्यांना एक कागद गेला. त्यात म्हटलं होतं की लादी घसरताना सोबतच्या कामगाराने इशारा दिला, पण मयत इसमास स्थानिक भाषा अवगत नसल्याने तो समजला नाही. खाली साक्षीदाराची सही होती, ती मामाची. त्या कागदामुळे मोठी होऊन तिने ही भाषा शिकली, आणखी पाच शिकली, दुभाषी झाली आणि दहा वर्षांपूर्वी इथे आली. आता ती परमुलखातून आलेल्या कामगारांना जीव वाचवण्यापुरते शब्द शिकवते. सरक, वाक, सोड, थांब, वर बघ. त्या शब्दांची एक छोटी पुस्तिका ती काढत होती, नऊ भाषांतली, आणि पहिल्या पानावर तिला एकच शब्द छापायचा होता. तिच्या वडिलांना न कळलेला. “तुम्ही त्या दिवशी कोणता शब्द ओरडलात, तो मला हवा आहे,” असं तिने लिहिलं होतं, आणि रविवारी भेटायला येऊ का, असं विचारलं होतं.

मी पत्र मोठ्याने वाचत होते. स्थानिक भाषा अवगत नसल्याने, इथे आले आणि थांबले. ज्या माणसाने भातातल्या मिठावरून माझ्या आईशी भांडण केलं, तो कोणता शब्द समजला नाही? मी मामाकडे पाहिलं. तो शहात्तर वर्षांचा आहे, पण त्या वेळी त्याहून खूप जुना वाटला.

त्याने सांगितलं ते मला त्याच क्रमाने लिहिता येणार नाही, कारण त्याने उलट्याच बाजूने सांगितलं. सरळ करून लिहिते. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला एकाच ठोकळ्याच्या लागोपाठच्या चार लाद्या हव्या होत्या, म्हणजे शेजारी शेजारी लावल्या की शिरा जुळतात. त्या चारही घोडीच्या एकाच अंगाला होत्या. नियम असा, की इकडची एक काढली की तिकडची एक काढून बाजूला ठेवायची, मग इकडची दुसरी. वेळ लागतो, पण त्याला पर्याय नाही. मामा इकडून क्रेनला हाताने खुणा करत होता. पाहुणा पलीकडच्या अंगाला लाद्या वाजवून बघत होता. पहिली नियमाने निघाली. मग दोघांचा खेळ सुरू झाला. पाहुण्याने आमची भाषा घेतली होती, आणि तिच्यात तो कधी हरला नव्हता. लादी, तुकडा, ढलपी, कपची. इकडे दुसरी निघाली, तिसरी निघाली. पाहुण्याला मध्येच सरकवून तिकडची लादी काढणं मामाच्या जिवावर आलं होतं, आणि खेळही रंगला होता. कपचीनंतर मामा म्हणाला, पुढे? पाहुणा म्हणाला, कणी. खडी विसरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा मामा त्याला पकडणार होता. त्या आनंदात त्याने हात वर केला, क्रेनने चौथी लादी उचलली, आणि इकडे हलकी झालेली घोडी पलीकडे गेली.

मी विचारलं, मग तू ओरडलास काय. मामा म्हणाला, तो ओरडलाच नाही. तोंड उघडं होतं, पण त्यात खडी हा शब्द तयार होता आणि दुसरा कुठलाच येईना.

कागद मालकाने तयार करून आणला. मुकादम म्हणाला, मेलेल्या माणसावर ढकललं तर जिवंतांपैकी कुणी आत जाणार नाही. मामाच्या घरी विधवा बहीण आणि तिची पाच वर्षांची पोर होती. त्याने सही केली. आईला त्याच रात्री सांगितलं. तिनेही तोंड शिवून घेतलं.

त्या आठवड्यात आमच्याकडे जी चर्चा झाली तिचा मला अभिमान नाही. आई म्हणाली, त्या मुलीने सगळं आयुष्य त्या कागदावर उभं केलंय. पाच भाषा शिकली, लोकांचे जीव वाचवते. आता खरं सांगून तिच्या पायाखालचं काढून घ्यायचं का? तिला शब्दच हवाय ना, मग द्यावा. सरक म्हणावं. एक शब्द छापून येईल, तिचं समाधान होईल आणि मामाला म्हातारपणी कुणासमोर मान खाली घालावी लागणार नाही. मी खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हणाले. मी तर वर सल्ला दिला, की सरकपेक्षा हट बरं, ओरडायला सोपं. मामा दोघींचं ऐकत होता. नाही म्हणाला नाही. शनिवारी मला वाटलं, ठरलं. हट.

रविवारी ती आली. बारीक कापलेले केस, पाठीला पिशवी, बोलणं इतकं साफ की शेजारच्या गल्लीतली वाटावी. मी वाट बघत होते की ती टेबलावर नाहीतर कपावर बोटाने टकटक करेल. तिने केली नाही. तिने मामाला काका म्हटलं, पाया पडल्यासारखं वाकून त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली की तुम्ही त्यांना वाचवायचा प्रयत्न केलात, त्याबद्दल आभार मानायला मला आधीच यायला हवं होतं. मग पिशवीतून पुस्तिकेची छापून आलेली पानं काढली. पहिलं पान कोरं होतं. तिने पेनचं टोपण काढलं आणि थांबली.

आई मामाकडे बघत होती. मीही. माझ्या डोक्यात तो शब्द इतका मोठ्याने वाजत होता की मामाला ऐकू जात असेल.

मामा उठला आणि आत गेला. मला वाटलं, पळाला. तो वही घेऊन आला. ती वही मी लहानपणापासून त्याच्या कपड्यांच्या खाली पाहिली होती आणि तिला हात लावायची मला मनाई होती. त्याने ती तिच्यापुढे उघडून ठेवली. पानापानावर तिच्या वडिलांचं अक्षर, आणि डावीकडच्या रकान्यात आमची भाषा, आमच्या लिपीत, तिरपी पण स्वच्छ.

“ही भाषा त्याला येत होती,” मामा म्हणाला. “माझ्यापेक्षा चांगली. मी ओरडलो नाही, मुली. मी एकाच बाजूच्या लाद्या काढत गेलो आणि घोडी त्याच्या अंगावर गेली. सही खोटी आहे.”

ती वहीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, घोडी म्हणजे काय, आणि किती लाद्या, आणि ते कुठे उभे होते. मामाने टेबलावर पुस्तिकेचं पान मधून दुमडून उभं केलं आणि सगळं दाखवलं, खडीसकट. तिने त्याला मध्ये एकदाही थांबवलं नाही. माणसं खूप रागावली की असं नीट ऐकतात.

सांगून झालं तेव्हा तिने पेनचं टोपण लावलं.

“माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली,” ती म्हणाली. “बाबा पत्रात लिहायचे, मला इथली भाषा छान येते, एका मित्राच्या घरी जेवायला जातो, त्याच्या बहिणीशी भांडतो. तो कागद आला तेव्हा आईला वाटलं, हे सगळं खोटं होतं. भाषा येत नव्हती, म्हणजे मित्रही नव्हता, घरही नव्हतं. मग सुट्टीच्या दिवशी ते कुठे जात होते? तिने त्यांचं एकही पत्र ठेवलं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत ती त्यांना खोटारडा म्हणत होती. मी पण.”

जिच्याशी तो भांडायचा ती बहीण दारात उभी होती. तिने पदर तोंडात धरला होता. आम्ही त्या मुलीला वाचवायला निघालो होतो, आणि तिचं काय गेलंय याचा तिघांपैकी एकालाही पत्ता नव्हता. मला माझ्या त्या हटची इतकी लाज वाटली की मी उठून खिडकीशी गेले.

जाताना तिने वही मागितली. मामाने दिली. दारात तिने चपला घातल्या आणि वळून त्याला सांगितलं, आवाज न चढवता, की शनिवारी सकाळी तिचा वर्ग असतो, तिथे त्याने यायचं आणि हे जसंच्या तसं सगळ्यांसमोर सांगायचं. विनंती नव्हती ती. मामा बरं म्हणाला.

वर्ग कामगारांच्या वसतिगृहातल्या जेवणाच्या खोलीत होता. लांब बाकं, वर पंखे, भिंतीवर लोखंडी चौकटींची चित्रं लावलेली. तीसेक माणसं होती, काहींच्या भुवया अजून पांढऱ्या. मामाला त्यांच्याकडे बघवेना. त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. ती त्याच्या बाजूला उभी राहिली आणि तिने वर्गाला सांगितलं की आज आपण शब्द शिकणार नाही. मग मामाला हळूच म्हणाली, छोटी छोटी वाक्यं बोला, म्हणजे मला सांगता येईल.

मला दुभाष्यांची रीत तोवर माहीत नव्हती. ते असं म्हणत नाहीत, की हा गृहस्थ म्हणतो त्याने लाद्या काढल्या. बोलणारा मी म्हणाला की तेही मी म्हणतात. मामा म्हणाला, “मी एकाच बाजूच्या लाद्या काढल्या.” आणि तिने एका मागोमाग एक पाच भाषांत सांगितलं, छातीवर हात ठेवून. तो हात दुभाष्यांच्या रीतीचा होता की तिच्या, ते मला कळलं नाही. मी तिचे शब्द समजत नव्हते, पण माणसं आधी मामाकडे बघत आणि मग तिच्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे दोघांनी मिळून केलंय असं त्यांना वाटतंय. मामा म्हणाला, “मी ओरडलो नाही.” पाच भाषा. “मी खोटी सही केली.” पाच भाषा. तिचा आवाज जराही हलला नाही. मामाचा हलत होता, आणि दर वाक्याला तिला वाट बघावी लागत होती.

मागच्या बाकावरच्या एका माणसाने हात वर करून काही विचारलं. तिने ते आमच्या भाषेत मामाला सांगितलं. तो विचारतोय, बत्तीस वर्षं गप्प का राहिलात?

“भ्यालो,” मामा म्हणाला. “मग सवय झाली.”

तिने सांगितलं. त्या माणसाचं समाधान झाल्यासारखं दिसलं नाही, पण त्याने हात खाली घेतला.

मग मामा म्हणाला, “त्याला इथली भाषा येत होती. त्याने घरी लिहिलं होतं ते सगळं खरं होतं.”

ही दोन वाक्यं तिने त्या पाच भाषांत सांगितली. खोलीतल्या सगळ्यांपर्यंत ती पोचली, मला दिसलं, माना हलल्या. आता मामा पुढचं बोलायला तोंड उघडत होता. तिने हात करून त्याला थांबवलं आणि तीच दोन वाक्यं आणखी एकदा म्हटली, सहाव्या भाषेत, पहिल्या पाचांपेक्षा सावकाश. तीस माणसांत ती भाषा कळणारं कुणी नव्हतं; ती एकमेकांकडे बघायला लागली. मलाही तिच्यातलं अक्षर येत नाही. पण ती वाक्यं म्हणण्याआधी तिने आपल्या आईला हाक मारली, एवढं तिथे सगळ्यांना कळलं.